मिरगीचे औषध आणि बाळाचा मेंदू : प्रत्येक घरात माहीत असाव्यात अशा गोष्टी

मिरगीच्या औषधांबाबत आपल्या घरांमध्ये दोन टोकाच्या चुका होताना दिसतात. एका घरात सुनेला दिवस गेले की कोणीतरी मोठे माणूस म्हणते, "आता त्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." दुसऱ्या घरात मुलगी शाळेत असताना लिहून दिलेली चिठ्ठी तिचा निकाह झाल्यावरही तशीच चालू राहते. दर महिन्याला मेडिकलवाल्याकडून तेच पाकीट येते आणि ते औषध गर्भातल्या बाळाला चालते का, हे कोणी विचारत नाही. पहिल्या घरात आईच्या जिवाला धोका होतो, दुसऱ्या घरात बाळाच्या मेंदूला. वेळेवर माहिती मिळाली तर दोन्ही धोके बरेच कमी करता येतात. म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा लेख वाचून कोणीही आपले किंवा मुलाचे औषध स्वतःहून बंद करू नये, कमीही करू नये. औषध अचानक थांबले की फिट उलटून येते, कधी एकामागून एक फिट येत राहतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. लेख वाचून करायचे काम एकच : चिठ्ठी आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जाणे आणि नेमके प्रश्न विचारणे.

औषधाचा परिणाम मेंदूवर का होतो?

मेंदूच्या पेशी एकमेकींना विजेसारखे संदेश पाठवतात. हे संदेश एकाच वेळी बेफाम सुटले की फिट येते. मिरगीचे औषध हे संदेश शांत करते. मोठ्या माणसाचा मेंदू घडून झालेला असतो, त्यामुळे त्याला सहसा थोडी सुस्ती किंवा चक्कर यापलीकडे त्रास होत नाही. पण गर्भातल्या बाळाचा मेंदू अजून बांधला जात असतो. पेशी तयार होत असतात, आपापल्या जागी पोहोचत असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात. हे सारे काम त्याच संदेशांच्या आधाराने चालते.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २००२ साली दाखवले की फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट ही जुनी औषधे नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना दिली, तर त्यांच्या मेंदूतल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात मरतात. उंदरांवर दिसले ते माणसात तसेच्या तसे घडते, असे नाही. पण घडत्या मेंदूत औषध निवडून द्यावे लागते, हे त्यातून कळले.

बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेक बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणजे पाळी चुकल्यावर डॉक्टरांकडे धाव घेतली तर हा टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो. तयारी आधीच करायला हवी, ती यासाठी.

सर्वात जास्त काळजी कोणत्या औषधाची?

त्या औषधाचे नाव सोडियम व्हॅल्प्रोएट. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड आणि डायव्हलप्रोएक्स ही त्याच औषधाची रूपे आहेत. आपल्याकडे ते वाल्परिन, एन्कोरेट अशा अनेक नावांनी मिळते. औषध म्हणून ते वाईट नाही. काही प्रकारच्या मिरगीत त्याच्याइतके गुणकारी दुसरे औषध नाही, आणि लाखो लोकांच्या फिट त्याने थांबल्या आहेत. प्रश्न फक्त गर्भाचा आहे.

जगभरातील गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या 'युरॅप' या उपक्रमाने २०१८ साली ७,३५५ गर्भारपणांचा हिशेब मांडला. एकच औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये मोठे जन्मजात दोष किती आढळले, ते असे :

- व्हॅल्प्रोएट : १०० पैकी सुमारे १०
- फेनोबार्बिटोन : सुमारे ६.५
- फेनिटॉइन : सुमारे ६.४
- कार्बामाझेपिन : सुमारे ५.५
- टोपिरामेट : सुमारे ३.९
- लॅमोट्रिजिन : सुमारे २.९
- लेव्हेटिरासिटाम : सुमारे २.८

कोणतेही औषध न घेणाऱ्या आयांच्या बाळांतही १०० पैकी २ ते ३ जणांत असे दोष असतात. म्हणजे शेवटची दोन औषधे जवळपास त्याच पातळीवर आहेत. व्हॅल्प्रोएटचा धोका मात्रेप्रमाणे वाढतो. दिवसाला १,४५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्या आयांमध्ये तो १०० पैकी २५ पर्यंत गेला.

हे झाले डोळ्यांना दिसणारे दोष. मेंदूचे नुकसान जन्मल्या जन्मल्या दिसत नाही. बाळ गुटगुटीत असते, रडते, दूध पिते. मग उशिरा बोलू लागते, शाळेत मागे पडते, नजरेला नजर देत नाही. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या १०० पैकी ३० ते ४० मुलांमध्ये बोलणे, चालणे, शिकणे, स्मरणशक्ती किंवा वागणे यांत काही ना काही अडचण आढळते. स्वमग्नतेचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये 'नीड' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात आयांची नोंद १९९९ ते २००४ या काळात केली आणि मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत तपासले. वयाच्या सहाव्या वर्षी व्हॅल्प्रोएटच्या गटातील मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ९७ होता. कार्बामाझेपिनच्या गटात तो १०५ होता, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनच्या गटांत १०८. आठ ते अकरा गुणांचा हा फरक म्हणजे वर्गात धडा पटकन समजणे आणि पुन्हा पुन्हा समजावून घ्यावा लागणे यांतला फरक. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून मिरगी आणि गर्भारपणाची नोंदवही चालवली जाते. तिथेही व्हॅल्प्रोएटबद्दल हीच काळजी पुढे आली.

टोपिरामेटबाबतही सावध राहावे. गर्भात या औषधाचा संबंध आलेल्या मुलांमध्ये फाटलेला ओठ व टाळू, कमी वजन, तसेच स्वमग्नता आणि बौद्धिक अडचण यांचा धोका जास्त दिसला. यांपैकी स्वमग्नता आणि बौद्धिक अडचणीचा धोका नॉर्वे, स्वीडन आणि शेजारच्या देशांच्या नोंदींवरून २०२२ साली पुढे आला. त्यानंतर युरोपात त्याच्या वापरावर कडक अटी आल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की मूल होण्याच्या वयातील मुलींना आणि बायकांना व्हॅल्प्रोएट सुरू करू नये. त्याआधी २०२० मध्ये ब्रिटनमधील कम्बरलेज समितीच्या अहवालाने लिहून ठेवले की धोका माहीत असूनही हजारो आयांना तो सांगितलाच गेला नव्हता. आपल्या घरात तसे होऊ नये, यासाठी विचारायची सवय आपणच लावून घेतली पाहिजे.

लक्षात ठेवा, हेच औषध अर्धशिशी आणि काही मानसिक आजारांसाठीही दिले जाते. "आमच्या मुलीला कुठे मिरगी आहे?" असे म्हणून पाकिटावरचे नाव वाचायचे टाळू नका.

निकाहाच्या आधीच बोला

आमच्या मते सर्वात मोठे नुकसान लपवण्यामुळे होते. मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने मिरगी सांगितली जात नाही. मग सासरी ती गोळी चोरून घेते, कधी चुकते, कधी बंदच करते. आणि दिवस गेले तरी औषध बदलण्याविषयी कोणाशी बोलता येत नाही. बाळाच्या मेंदूची किंमत त्या गुप्ततेतून मोजावी लागते.

मिरगी ही वेडेपणा नाही, भूतबाधा नाही, लागणही नाही. मिरगी असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी मुले होतात. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात दिलेल्या कारणांमध्ये मिरगी नाही. विशेष विवाह कायद्यातूनही तिचा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकला आहे. कोणी दम करून घेतो, कोणी दुआ मागतो. त्याला आमचा आक्षेप नाही. पण त्यासाठी गोळी थांबवू नये.

लग्नाच्या किमान सहा महिने आधी, किंवा लग्न झालेले असेल तर मुलाचा विचार करण्याआधी, मेंदूविकार तज्ज्ञांना भेटा. औषध बदलायचे असेल तर नवे हळूहळू वाढवावे लागते आणि जुने हळूहळू कमी करावे लागते. याला काही महिने जातात. तोवर दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते. इथेही एक खाचखळगा आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. उलट काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातले लॅमोट्रिजिन घटते आणि फिट येऊ शकते. म्हणून कोणते साधन वापरायचे तेही डॉक्टरांनाच विचारा.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून सुरू करायची असते. 'नीड' अभ्यासात ज्या आयांनी ती आधीपासून घेतली, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त आढळला. मात्रा डॉक्टर ठरवतील. जास्त घेतली म्हणजे जास्त फायदा, असे समजू नका.

दिवस गेल्यावर

आधी ठरवले नव्हते आणि पाळी चुकली, तर घाबरून गोळी थांबवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. मोठी फिट आली तर आई पडते, बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि आईच्या अचानक मृत्यूचाही धोका असतो.

गरोदरपणात लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे आधी पुरणारी मात्रा मध्येच अपुरी पडते आणि डॉक्टर ती वाढवतात. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती पुन्हा कमी करावी लागते, नाहीतर चक्कर येते, दोन दोन दिसते. घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे, पण कारण औषध असते. साधारण १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका आणि बाळंतपण दवाखान्यातच करा. फक्त मिरगी आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही.

बाळाला अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. 'नीड' अभ्यासात औषध चालू असताना अंगावर पाजलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी उलट थोडा जास्तच निघाला. फेनोबार्बिटोनसारखे झोप आणणारे औषध असेल तर बाळ फार सुस्त आहे का, नीट ओढते का, एवढे पाहावे.

बाळंतिणीची झोप मोडली की फिट येते. रात्री एक-दोन वेळा बाळाला नानी, दादी किंवा अब्बांनी सांभाळावे. आईने जमिनीवरच्या गादीवर बसून पाजावे आणि बाळाला एकटीने अंघोळ घालू नये.

अब्बांनीही विचारावे

युरोपच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये पुरुषांसाठीही सूचना काढली. गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील, तर १०० पैकी सुमारे ५ मुलांत मेंदूच्या वाढीच्या अडचणी दिसल्या. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्या वडिलांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३ होते. हा धोका आईच्या औषधापेक्षा खूपच कमी आहे आणि पक्का सिद्धही झालेला नाही. तरी मूल हवे असेल तेव्हा पतीनेही डॉक्टरांना विचारलेले बरे. दोष फक्त सुनेच्या माथी मारण्याची सवयही त्याने मोडेल.

लहान मुलाला औषध चालू असेल तर

फिट येत राहणे हे स्वतःच मेंदूला घातक आहे. लहान बाळांमध्ये एक प्रकार असा असतो की बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा पुढे वाकते आणि हात पसरते, जणू झुकून सलाम करते आहे. डॉक्टरही त्याला फार पूर्वीपासून 'सलाम' फिट म्हणत आले आहेत. घरात मात्र पोटदुखी समजून घुटी दिली जाते. हे दिसले तर मोबाइलवर चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी बालमेंदू तज्ज्ञांकडे जा. इथे उशीर झाला तर मुलाचे शिकणे कायमचे मागे पडू शकते.

औषध चालू झाल्यावर काय पाहायचे, ते थोडक्यात :

- फेनोबार्बिटोन (गार्डिनल) : सुस्ती, किंवा उलट अतिचंचलपणा, शिकण्यात मागे पडणे.
- लेव्हेटिरासिटाम : चिडचिड, रडणे, मारामारी. मूल बिघडले असे समजून मारू नका, डॉक्टरांना सांगा.
- टोपिरामेट : शब्द न आठवणे, भूक कमी, घाम कमी येणे. उन्हाळ्यात मुलाला उन्हात खेळू देऊ नका.
- व्हॅल्प्रोएट : वजन वाढणे, हात थरथरणे, केस गळणे. दोन वर्षांखालील मुलांत यकृताचा गंभीर धोका. सतत उलट्या, सुस्ती किंवा कावीळ दिसली तर लगेच दवाखाना.
- फेनिटॉइन (इप्टोइन) : हिरड्या वाढणे, तोल जाणे.
- कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन : सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप. हे दिसले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- व्हिगाबाट्रिन : नजरेच्या कडा कमी होणे. डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी करून घ्या.

तापात येणारी फिट वेगळी. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांमध्ये ती येते आणि बहुतेक मुलांत मोठेपणी काही उरत नाही. तिच्यासाठी रोजचे औषध सहसा लागत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तापाच्या फिटसाठी मुलांना रोज फेनोबार्बिटोन दिले. दोन वर्षांनी त्यांचा बुद्ध्यांक औषध न दिलेल्या मुलांपेक्षा सरासरी ८.४ गुणांनी कमी निघाला, आणि फिट काही टळल्या नाहीत. मुलाला फक्त तापाच्या फिटसाठी रोज गार्डिनल चालू असेल तर "याची अजून गरज आहे का?" असे जरूर विचारा.

घरात औषध देताना

- पातळ औषधाची बाटली दर वेळी हलवा. फेनिटॉइनचे औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त जाते.
- स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नका. बिनसुईची सिरिंज किंवा खुणा असलेले टोपण वापरा.
- मुलाचे वजन वाढले की मात्रा तपासून घ्या.
- दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे पाकीट दिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- टीबीचे औषध किंवा अ‍ॅन्टिबायोटिक सुरू करताना मिरगीच्या गोळ्या सांगा. काही औषधांमुळे त्यांचे रक्तातील प्रमाण एकदम वाढते किंवा घटते.
- दोन-तीन औषधे चालू असतील तर एकावर भागेल का, ते विचारा. औषधे जितकी जास्त, तितकी सुस्तीही जास्त.
- दोन वर्षे फिट आली नसेल तर औषध हळूहळू बंद करता येईल का, हे डॉक्टर ठरवू शकतात.
- फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर तो वापरा.

रमजानमध्ये

आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, गरोदर आणि पाजणाऱ्या आईलाही आहे, हे आपण सगळे जाणतो. तरीही ज्यांना रोजे ठेवायचे आहेत त्यांनी महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवसातून दोनदा घ्यायच्या काही गोळ्या सहर आणि इफ्तारला बसवता येतात, काही नाही. त्यातही झोप मोडणे हे फिटचे मोठे कारण आहे. तीन वेळच्या गोळ्या स्वतःच दोन वेळेवर आणू नका.

मूल आधीच मागे पडत असेल तर

आईने व्हॅल्प्रोएट घेतले होते आणि आता मूल उशिरा बोलते आहे, असे असेल तर स्वतःला दोष देत बसू नका. तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि तुम्ही गोळी घेतली म्हणूनच तुम्ही आणि बाळ दोघेही आज आहात. पण वेळ घालवू नका. मेंदू पहिल्या काही वर्षांत सर्वात लवकर शिकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बोलण्याचे, हालचालींचे आणि वागण्याचे उपचार मिळतात. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता, बौद्धिक अडचण आणि शिकण्याची अडचण यांचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र काढून ठेवले तर शाळेत आणि परीक्षेत सवलती मिळू शकतात.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या किंवा माझ्या मुलीच्या गोळ्यांत व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट आहे का?
२. आमच्या मिरगीच्या प्रकाराला दुसरे सुरक्षित औषध चालेल का?
३. चालणार नसेल तर मात्रा किती कमी करता येईल?
४. फॉलिक अ‍ॅसिड कधीपासून आणि किती?
५. पुढची तपासणी कधी?

हे पाच प्रश्न कागदावर लिहून चिठ्ठीसोबत ठेवा. आपली लेक लाजेने विचारणार नाही, सून भीतीने विचारणार नाही. म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या अम्मीने, सासूने किंवा पतीने ते विचारावेत. आज रात्री घरातले औषधाचे पाकीट हातात घेऊन त्यावरचे बारीक अक्षरातले नाव वाचा. सुरुवात तिथून करा.